बाप्या माणसाला काय होतंय?

परवा आक्काचा फोन आला. भाचेराव येत्या मंगळवारी मुंबईला निघालेत. अंधेरीला एका कंपनीत मुलाखत आहे, दोन दिवसांचं काम आहे, आणि एकटाच जाणार आहे. मी विचारलं, "राहणार कुठे? जाणार कसा?" तर आक्का म्हणाली, "जाईल की विचारत विचारत. बाप्या माणसाला काय होतंय?"

आता गंमत बघा. याच आक्काची मुलगी दोन वर्षांपूर्वी पुण्याला हॉस्टेलवर राहायला गेली. आमच्या नसरापूरहून पुणं म्हणजे जेमतेम पस्तीस किलोमीटर. पण निघायच्या आधी आठ दिवस घरात सूचनांचा पाऊस पडत होता. अंधार पडायच्या आत खोलीवर ये, रिक्षाचा नंबर पाठव, अनोळखी माणसानं दिलेलं खाऊ नको, रोज रात्री नऊला फोन कर. पोरगी वैतागली होती, पण सगळं तिला पाठ झालं. आणि पोरगा मुंबईला निघालाय तर त्याला काय मिळालं? चिवड्याचा डबा आणि "जपून जा रे" एवढे तीन शब्द.

मुलीला दिलेल्या सूचना कमी करा असं मी मुळीच म्हणत नाही. बायकांना जे भोगावं लागतं ते आपल्याला नाही. पण मुलाला त्यातल्या अर्ध्या तरी सांगाल की नाही? आपल्याकडे पुरुषाला प्रवासाचा सल्ला देणं म्हणजे त्याचा अपमान करण्यासारखं आहे, आणि सल्ला मागणं तर त्याहून वाईट. पोरं निघतात, ठेचा खातात आणि घरी येऊन "मस्त झालं" म्हणून सांगतात.

पूर्वी असं नव्हतं. आमच्या भोर-वेल्ह्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात आली. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी माथाडी म्हणून. (तसं म्हटलं तर आमच्या गावातली सगळ्यात जुनी मुंबईकर म्हणजे बनेश्वराच्या देवळातली घंटा. १७३९ च्या वसईच्या मोहिमेतून आलेली, १६८३ साल कोरलेली. फक्त ती उलट्या दिशेनं आली.) ही माणसंही एकटीच जायची, बायकामुलं गावी ठेवून. पण ती एकटी पडत नव्हती. लालबाग-परळच्या चाळींतून गावकीच्या खोल्या असायच्या. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीप्रमाणे झोपायचं, ट्रंका एकावर एक. गावाहून नवा पोरगा आला की तो थेट खोलीवर जायचा. त्याला कोणत्या गाडीत बसायचं, पैसे कुठे ठेवायचे, कुणाच्या नादी लागायचं नाही, हे सगळं तिथली वडीलधारी माणसं सांगायची. जेवण खानावळवाल्या बाईंकडे. दोन दिवस ताटावर आला नाही तर त्या बाई चौकशी करायच्या. याच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मग १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि पुढे गिरण्या गेल्या त्या गेल्याच. चाळींच्या जागी टॉवर आले, तशा खोल्याही गेल्या. खोली गेली त्याचं काय एवढं, असं वाटतं. पण खोलीबरोबर नव्या पोराला चार गोष्टी सांगणारी माणसंही गेली, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता माझीच गोष्ट सांगतो. घरातलं कुणालाच ही माहीत नव्हती. तीस वर्षं झाली, आता सांगायला हरकत नाही.

१९९४ साल. मी बावीस वर्षांचा. मुंबईला मुलाखतीला निघालो होतो. आमचे नाना संपापर्यंत गिरणीत होते, मग गावी येऊन शेती करू लागले. पण लालबागची खोली तेव्हा अजून होती, दोन-चार म्हातारी माणसं तिथे राहून होती. नानांनी वहीच्या पानावर पत्ता लिहून दिला. दादरला उतरून धिम्या गाडीनं करी रोड, मध्ये फक्त परळ. मी चिठ्ठी घेतली आणि निघताना कपाटाच्या खणात ठेवून दिली. मला काय कळत नाही का? गिरणी कामगारांच्या खोलीत ट्रंकांच्या मध्ये झोपून मी मुलाखतीला जाणार होतो होय?

दादरला संध्याकाळी उतरलो. स्टेशनाबाहेर पाच मिनिटं इकडेतिकडे बघत उभा राहिलो असेन, तेवढ्यात एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, पेन लावलेलं. "कुठलं गाव?" म्हटलं, नसरापूर. "अरे, बनेश्वराचं! आमची मावशी भोरला दिलीय." झालं, मी विरघळलो. ते म्हणाले इथं जवळच ओळखीचं लॉज आहे, बाहेरचे लोक लुबाडतात, मी स्वस्तात करून देतो. एका इमारतीच्या जिन्यापाशी मला उभं केलं, तीनशे रुपये घेतले आणि मॅनेजरला देऊन येतो म्हणून वर गेले. मी तिथे दीड तास उभा होतो. वर लॉज नव्हतंच. इमारतीला मागून दुसरा जिना होता.

ती रात्र मी फलाटावरच्या बाकावर काढली. सकाळी त्याच शर्टात मुलाखतीला गेलो. नोकरी मिळाली नाही हे सांगायला नकोच. घरी आल्यावर नानांनी विचारलं, "खोलीवर नीट सोय झाली ना?" मी म्हटलं, "झाली." "पैसे पुरले?" "मुंबई महाग आहे." विषय संपला.

पुढे बऱ्याच वर्षांनी, नाना शेवटच्या आजारात होते तेव्हा एका रात्री मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. अचानक म्हणाले, "तू त्या वेळी खोलीवर गेलाच नव्हतास." मी गप्प. त्याच वर्षी खोलीवरचे एक तात्या महाशिवरात्रीला बनेश्वराला आले होते. नानांनी त्यांचे आभार मानले, पोराची सोय केलीत म्हणून. ते म्हणाले, कोण पोरगा? तेव्हापासून नानांना माहीत होतं. मी विचारलं, "मग तुम्ही मला कधी विचारलं का नाहीत?" तर म्हणाले, "काय विचारायचं? पहिल्या खेपेला मी बी गंडलोच होतो. बोरीबंदरला एकानं सामान उचलू लागतो म्हणून पिशवी नेली. मी कुठं आप्पांना सांगितलं?"

आप्पा म्हणजे आमचे आजोबा. त्यांचं काय झालं होतं कुणास ठाऊक. म्हणजे आमच्या घराण्यात प्रत्येक पिढी मुंबईला तीच फी भरत आली आणि पावती कुणी कुणाला दाखवली नाही. नानांनी ती पिशवीची गोष्ट मला १९९४ मध्ये सांगितली असती तर मी चिठ्ठी खणात ठेवली नसती असं मला वाटतं. पत्ता त्यांनी दिला, पण पत्ता का हवा ते सांगितलं नाही.

असो. तर भाचेरावांसाठी (आणि ज्यांच्या घरचं कुणी एकटं निघालंय त्या सर्वांसाठी) मी जे कागदावर लिहून दिलं ते इथे देतो. मुंबईत राहणाऱ्यांना यात नवीन काही नाही, त्यांनी हसावं आणि चुकलं असेल तर दुरुस्त करावं.

१. झोपायची जागा ठरल्याशिवाय घर सोडायचं नाही, आणि उजेडी पोचायचं. पहिल्यांदा जाणाऱ्यानं चेलाडी फाट्यावरून पहाटेची एसटी धरून पुणं गाठावं आणि रेल्वेनं जावं. डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला सुटते (१ जून १९३० पासून धावतेय), दहाच्या सुमाराला दादरला सोडते. सगळा दिवस हातात राहतो. जागा कामाच्या ठिकाणाजवळ बघावी, स्वस्त म्हणून लांबची नको. पन्नास रुपये वाचवायला दोन तास लोकलमध्ये घालवण्यात अर्थ नाही. फोन करून खात्री करावी की एकट्या माणसाला खोली देतात का आणि कोणतं ओळखपत्र लागतं. एका रात्रीपुरतं हवं असेल तर मुंबई सेंट्रल स्टेशनातच नोव्हेंबर २०२१ पासून पॉड हॉटेल आहे. पेटीएवढी जागा मिळते, पण स्वच्छ आणि सुरक्षित. दवाखान्याच्या कामानं पेशंट घेऊन जाणाऱ्यांसाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, त्यांनी दवाखान्यातूनच चौकशी करावी. स्टेशनाबाहेर जो माणूस आपण होऊन "खोली पाहिजे का" म्हणतो त्याच्याबरोबर जायचं नाही, त्याची मावशी भोरला दिलेली असली तरी.

२. लोकलमध्ये चढायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या. गाडी कोणत्या दिशेची, धिमी की जलद, आणि समोर आलेला डबा कुठला. बायकांचा डबा, दिव्यांगांचा डबा आणि फर्स्ट क्लास हे घाईत चुकतात. "मला माहीत नव्हतं" म्हणून दंड माफ होत नाही. सकाळी आठ ते अकरा चर्चगेट-सीएसएमटीकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ उलट दिशेला नवख्यानं जाऊ नये. जावंच लागलं तर आदल्या स्टेशनाच्या आधीच दाराच्या दिशेनं सरकावं आणि पुढच्याला विचारावं, "उतरणार का?" अंधेरीला उतरायचं असेल तर विरार फास्टच्या वाटेला जाऊ नये. उतरायला मिळणार नाही, आणि चढल्याबद्दल बोलणी खावी लागतील ती वेगळी.

३. दादरला आपल्या काका-मामांनी सांगितलेले फलाट नंबर विसरायचे. डिसेंबर २०२३ पासून नंबर सलग केलेत, पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४. तसंच एल्फिन्स्टन रोड शोधू नका, २०१८ पासून ते प्रभादेवी आहे. आमचे एक नातेवाईक अजून सीएसएमटीला व्हीटीच म्हणतात. चालतं, टॅक्सीवाल्यालाही कळतं, पण बोर्डावर ते सापडणार नाही.

४. रूळ ओलांडायचे नाहीत आणि दारात लटकायचं नाही. हे शाळेतल्या पाटीवरचं वाक्य वाटेल, पण मुंबईच्या लोकल मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जीव गमावतात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं धावत्या गाडीतून पडली, ती रोज ये-जा करणारी, सरावलेली माणसं होती. मुलाखतीला दहा मिनिटं उशीर झालेला चालतो. पुढची गाडी तीन-चार मिनिटांत येतेच.

५. पैसे दोन ठिकाणी. पाठीवरची सॅक गर्दीत पुढे घ्यायची. मोबाईल दाराजवळ हातात धरायचा नाही. आणि मोबाईल गेला तर काय, याचा विचार घरीच करायचा. पाच महत्त्वाचे फोन नंबर आणि राहायचा पत्ता कागदावर लिहून खिशात. आजकाल पोरांना स्वतःच्या आईचा नंबर पाठ नसतो. तिकीट, पैसे, नकाशा सगळं फोनमध्ये, मग बॅटरी संपली की माणूस १९९४ मधल्या माझ्यासारखा उभा.

६. रिक्षा वांद्रे आणि सायनच्या पुढे, म्हणजे जुन्या मुंबईत, चालत नाहीत. तिथे टॅक्सी किंवा बेस्ट. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाडी वाढली तेव्हा रिक्षाचं कमीत कमी २६ आणि टॅक्सीचं ३१ रुपये झालं. "मीटरनं चला" म्हणायचं आणि बसायचं. मुंबईचा रिक्षावाला पुष्कळदा मीटरनंच येतो, हे पुण्याच्या माणसाला खरं वाटत नाही :)

७. आता खास पुरुषांसाठी, जे कुणी बोलत नाही. एकटा पुरुष बघून जवळ येणारे लोक दोन गोष्टी विकतात, नोकरी आणि सोबत. "साहेबांची ओळख आहे, इतके भरलेस की ऑर्डर हातात" म्हणणाऱ्याला एक रुपया द्यायचा नाही, चहासुद्धा त्याच्या हातचा नको. आणि ॲपवर ओळख झालेली मुलगी पहिल्याच भेटीला तिच्या पसंतीच्या क्लबात बोलावते, ऑर्डर देते, निघून जाते आणि बिल काही हजारांत येतं, अशा तक्रारींच्या बातम्या २०२४ मध्ये मुंबईतून आल्या होत्या. अशा ठिकाणी फसलेले पुरुष तक्रार करत नाहीत. घरी काय सांगणार? या धंद्याचं सगळं भांडवल म्हणजे आपली लाज.

८. जून ते सप्टेंबरमध्ये जायचं असेल तर एक दिवस जास्तीचा धरावा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तेवढा दर वर्षी पडत नाही, पण गाड्या बंद पडायला तेवढा लागतही नाही. बंद पडल्या तर पाण्यातून चालत सुटायचं नाही. जिथे उभे आहात तिथे छप्पर असेल तर तिथेच थांबायचं.

९. अडचण आली तर पोलिसांना ११२, रेल्वेत असाल तर १३९, फोनवरून पैसे गेले तर १९३०. हे १९३० लगेच लावायचं, पहिल्या तासात. उद्या बघू म्हणायचं नाही.

एवढं वाचून मुंबई म्हणजे चोरांचं गाव वाटेल, तर तसं मुळीच नाही. त्याच १९९४ च्या रात्री बाकावर माझ्या शेजारी एक हमाल बसला होता. त्यानं काही विचारलं नाही, फक्त अर्धा वडापाव पुढे केला. चालत्या गाडीत हात देऊन आत ओढून घेणारी, रस्ता विचारला तर सोबत कोपऱ्यापर्यंत येणारी माणसं तिथे पुष्कळ आहेत. फरक एवढाच की ती आपण विचारल्यावर मदत करतात. न विचारता जो मदतीला येतो त्याला तपासून घ्यावं. आणि आपल्याला तर विचारायचीच लाज! काम झालं की संध्याकाळी मरीन ड्राईव्हवर तासभर बसून यावं, असंही मी कागदावर शेवटी लिहिलंय. नुसत्या भीतीनं जाऊ नये.

रविवारी भाचेराव घरी आले तेव्हा कागद दिला. त्यानं वाचला आणि हसत म्हणाला, "मामा, तुम्ही कधी फसला होता का?" मी म्हटलं, हो, आणि वर लिहिलेली सगळी गोष्ट सांगितली, जिना, बाक, खण, सगळं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "माझे पण गेलेत." गेल्या वर्षी मोबाईलवर घरबसल्या कामाचा मेसेज आला होता. आधी दोनशे रुपये मिळाले, मग डिपॉझिट म्हणून आठ हजार भरले, ते गेले. १९३० माहीत नव्हता, आणि माहीत असता तरी केला नसता, म्हणाला, कारण आईला कळलं असतं. क्लासच्या फीमधले होते ते पैसे. सहा महिने त्यानं संध्याकाळचा नाश्ता बंद करून ते भरून काढले.

आक्का, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. त्याची परवानगी घेऊनच लिहिलंय, समोरासमोर सांगायचा त्याला धीर होत नव्हता. ओरडू नकोस. पोरगं वर्षभर एकटंच ते ओझं घेऊन तुझ्या समोर जेवत होतं आणि तू म्हणत होतीस बाप्या माणसाला काय होतंय. मीही नानांसमोर तसाच जेवत होतो, त्यामुळे तुला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. फक्त मंगळवारी तो निघेल तेव्हा चिवड्याबरोबर एवढं सांग, की काही झालं तरी पहिला फोन घरी कर, कोणी रागावणार नाही. आणि मग खरंच रागावू नकोस.

खोलीचं म्हणाल तर अंधेरीलाच स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर बुक केलीय, मी स्वतः फोन करून खात्री केली. पत्ता कागदावर आहे. तो कागद त्यानं खिशात घातला की नाही, हे मात्र मी मंगळवारी पहाटे चेलाडी फाट्यावर सोडायला जाईन तेव्हा तपासणार आहे. मुंबईकर मंडळी, बुधवारी अंधेरीच्या बाजूला कुणी असाल तर मला कळवा. पोराला एक कप चहा पाजा.